मानेमुळे दुखणारं डोकं: सुरुवात कुठून करायची

माझं डोकं उजव्या भुवईच्या वर दुखायचं. बोटाचं टोक मावेल एवढीच जागा. तिथे मी बाम चोळला, रुमाल करकचून बांधला, सायनसची औषधं घेतली, चष्म्याचा नंबर दोनदा तपासून घेतला. यात जवळजवळ तीन वर्षं गेली. मग एका फिजिओथेरपिस्टने मला पालथं झोपवलं, कवटी जिथे संपते तिथे मानगुटीच्या उजव्या अंगाला अंगठा टेकवला आणि सावकाश दाबला. तीन-चार सेकंदांत भुवईवरचं ते ओळखीचं दुखणं जागं झालं. अंगठा उचलला, दुखणं ओसरलं. "हेच का?" तिने विचारलं. हेच होतं.

"तुमचं डोकं मानेमुळे दुखतंय" असं ज्यांना नुकतंच कुणी सांगितलंय, किंवा ज्यांची स्वतःचीच तशी शंका आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. या वाटेवरून गेलेली एक रुग्ण आहे, आणि सुरुवातीला जे कुणी सांगायला हवं होतं ते क्रमाने मांडतेय.

आधी हे वाचा, मानेचं नंतर

काही डोकेदुख्यांना घरगुती उपाय करत बसायचं नसतं. डोकं अचानक, एका मिनिटाच्या आत, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं दुखायला लागलं. तापासोबत मान ताठ झाली. बोलणं अडखळू लागलं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसू लागले, हातापायातलं बळ गेलं. तर वेळ न घालवता थेट तातडीच्या विभागात जा. अपघात, पडणं किंवा मानेला बसलेला झटका यांनंतर सुरू झालेलं दुखणंही आधी तपासून घ्यायचं. एका बाजूची मान यापूर्वी कधीच दुखली नव्हती अशी अचानक दुखतेय आणि त्याच बाजूची पापणी खाली आलीय, तर मानेतल्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटल्याची शक्यता असते. तिथे मालीश आणि व्यायाम दोन्ही वर्ज्य.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः घास चावताना जबडा दुखत असेल किंवा नजर अंधुक होत असेल तर, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हाताची बोटं बटणं लावताना अडखळतात, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतोय, ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणं असू शकतात. कर्करोगाचा इतिहास, गर्भारपण किंवा संधिवात असेल तर ते आपणहून सांगा. आमवातात, म्हणजे रूमॅटॉइड संधिवातात, मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. अशा मानेला कुणी हात लावण्याआधी ही माहिती त्याच्याकडे असलीच पाहिजे.

यातलं काहीच नसेल तर पुढे वाचा.

दुखतं मानेत, कळतं कपाळात

मानेत सात मणके. त्यातल्या वरच्या तीन नसांच्या जोड्यांकडून येणारे वेदनेचे निरोप आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेकडून येणारे निरोप मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी पोचतात. दोन दारांना मिळून एकच घंटा बसवली तर पाहुणा कुठल्या दाराशी उभाय हे आतल्याला कळत नाही, तसं मेंदूचं होतं. निरोप दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधल्या सांध्याचा असतो, मेंदू मात्र तो कपाळाच्या किंवा डोळ्यामागच्या नावावर टाकतो. हृदयविकारात डावा हात दुखतो, त्यामागचं तत्त्व हेच.

या डोकेदुखीला सर्व्हायकोजेनिक हेडेक म्हणतात. हे नाव ओटार स्यास्टाड या नॉर्वेच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी 1983 मध्ये रूढ केलं.

इथेच एक्स-रेची गोष्ट सांगून टाकते, कारण बहुतेकांची फाइल तिथूनच जाड व्हायला लागते. माझ्या रिपोर्टात पाचव्या-सहाव्या मणक्यात "गॅप कमी" असं लिहून आलं. मी घाबरले, मानेचा पट्टा घेतला, पुढे वाकणं बंद केलं. वस्तुस्थिती अशी की चाळिशीनंतर मानेचा फोटो काढला तर बऱ्याच जणांच्या मणक्यांत झीज दिसते. ज्यांना काडीचं दुखत नाही त्यांच्याही मानेत दिसते. शिवाय ती बहुधा खालच्या मणक्यांत असते. खालच्या नसा खांद्याकडे आणि हाताकडे जातात, त्यामुळे तिथल्या दाबाने हाताला मुंग्या येतील. डोक्याशी त्यांचं सहसा देणंघेणं नसतं. म्हणजे डोकं वरच्या मजल्यामुळे दुखत होतं आणि मी तळमजल्याचा फोटो बघून हबकले होते. रिपोर्ट जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, पण "स्पाँडिलोसिस" (म्हणजे मणक्यांची झीज) या एका शब्दावर स्वतःचं निदान करू नका.

हे दुखणं मानेचंच आहे का?

मानेच्या डोकेदुखीचा स्वभाव बऱ्यापैकी ठरलेला असतो. सुरुवात मानगुटीपासून होते, मग ती कानामागून किंवा टाळूवरून पुढे कपाळाकडे, डोळ्याकडे सरकते. एकच बाजू धरते आणि सहसा ती बदलत नाही. मान वळवली, किंवा एकाच स्थितीत बराच वेळ ठेवली, की वाढते. आणि मान एका बाजूला कमी वळते: गाडी मागे घेताना वळून बघता येत नाही, खांद्यावरून मागे बघायचं तर सगळं धड फिरवावं लागतं.

अर्धशिशी ठणकते, जिना चढला की वाढते, उजेड-आवाज नकोसे होतात, मळमळतं, आणि एक झटका उपचार न घेतल्यास 4 ते 72 तास टिकतो. बाजूही बदलू शकते. ताणाची डोकेदुखी दोन्हीकडून पट्टा आवळल्यासारखी असते. कागदावर फरक किती स्वच्छ वाटतो! प्रत्यक्षात अर्धशिशी असणाऱ्या अनेकांची मान झटक्याच्या आधी किंवा झटक्यात दुखते, आणि मानेच्या डोकेदुखीतही थोडीफार मळमळ होऊ शकते. एकाच माणसाला दोन्ही असणंही नवलाचं नाही. "मान दुखते म्हणजे मानेमुळेच" हा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो. मान हे कारण आहे की नुसतं लक्षण, एवढं ठरवण्यासाठी पुढची वही लागते.

दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहा: दुखणं किती वाजता सुरू झालं, कुठून सुरू होऊन कुठे गेलं, त्याआधीच्या दोन तासांत मान कशी होती, आणि गोळी घेतली का. माझ्या वहीतली एक ओळ अशी होती: "4.10, मानगूट उजवी, 4.40 ला भुवई. दुपारभर कागद टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवून टाइप केलं. गोळी 1." अशा पाच-सहा ओळी जमल्यावर डॉक्टरांपुढे बसून आठवत राहावं लागत नाही.

तज्ज्ञ यापुढे एक चाचणी करतात. उताणं झोपवून हनुवटी छातीला लागेल इतकी मान वाकवतात आणि त्याच स्थितीत डोकं डावी-उजवीकडे फिरवतात. मान वाकवल्याने खालचे सांधे बऱ्यापैकी जखडले जातात आणि फिरणं मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या मणक्यामधल्या सांध्यातून होतं. मान फिरण्याचं निम्मं काम एरवीही हाच सांधा करतो. साधारण 44 अंशांपर्यंत फिरणं चांगलं; एका बाजूला ते 32-33 अंशांच्या खाली अडलं तर संशय पक्का होतो. ही चाचणी घरी भावाबहिणीकडून करून घेऊ नका. अडलेल्या सांध्याला अननुभवी हाताने जोर दिला की आठवडाभराचं दुखणं विकत मिळतं.

दुखतंय त्या दिवशी

करण्यासारखं थोडंच आहे. काम थांबवा, मानगुटीवर आणि खांद्यांवर 15-20 मिनिटं शेक घ्या. त्वचा भाजेल इतका गरम नको, आणि पिशवी व त्वचा यांमध्ये कापड हवं. कुणाला बर्फाने बरं वाटतं, त्याने बर्फ घ्यावा. मग मान हळूहळू, दुखेपर्यंत नाही तर दुखण्याच्या अलीकडे थांबत, दोन्ही बाजूंना वळवत राहा. दिवसभर अंथरुणावर पडून राहिल्याने मान अजून आखडते.

मान कटकन मोडून घ्यायचा मोह होतो. दोन मिनिटं हलकं वाटतं खरं, पण मानेला अचानक झटका देण्यात मणक्यांतून जाणाऱ्या धमनीला इजा होण्याचा, क्वचित का होईना, धोका असतो. पुढे पक्षाघातापर्यंत जाऊ शकणारी ती इजा आहे. दोन मिनिटांच्या आरामासाठी मी तरी ती जोखीम घेणार नाही. पट्ट्याचंही सांगते: डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी, ठरावीक दिवस सांगितला असेल तर वापरा. एरवी महिनोन् महिने लावून ठेवलात तर स्नायू काम करायचं विसरतात.

खरा उपाय: "हो" म्हणायला शिकणं

डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. ते तोलून धरण्याचं काम मानेच्या पुढच्या बाजूला, अगदी मणक्यांना चिकटून असलेल्या खोल स्नायूंचं. मान दुखायला लागली की हे स्नायू मागे पडतात आणि त्यांचं काम बाहेरचे दांडगे स्नायू अंगावर घेतात. कानामागून कॉलरबोनकडे उतरणारा दोरखंडासारखा स्नायू त्यातलाच एक. दांडग्या स्नायूंना हे दिवसभर झेपत नाही. ते आखडतात, वरचे सांधे दाबले जातात. त्यामुळे या व्यायामात ताकद लावायची नाही. झोपलेल्याला उठवायचं आणि दांडग्याला बसवायचं, एवढंच.

उताणं झोपा, गुडघे वाकवलेले. डोक्याखाली टॉवेलची घडी अशी ठेवा की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. आता डोकं न उचलता, अगदी सावकाश, "हो" म्हणताना हलवतो तशी हनुवटी किंचित खाली न्या. डोक्याची मागची बाजू टॉवेलवरून घसरत वर सरकल्यासारखी वाटेल. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून बघा: ते दोरखंड टणक झाले असतील तर तुम्ही जास्त जोर लावताय. हालचाल निम्मी करा, मग त्याच्या निम्मी. बोटांखाली मऊ राहतील तिथे थांबा आणि 10 सेकंद धरा. श्वास चालू ठेवायचा, दात आवळायचे नाहीत. असं 10 वेळा, दिवसातून दोनदा.

पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. यासाठी पैसे मोजले? चौथ्या वेळेला गळा थरथरायला लागला, तेव्हा हसू थांबलं. क्लिनिकमध्ये यासाठी मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवतात. तिच्यात पाऱ्याच्या 20 मिलिमीटरइतका दाब भरतात (रक्तदाब मोजतात तेच माप) आणि "हो" करून तो 22, 24 असा दोन-दोनने 30 पर्यंत न्यायला सांगतात. मी सुरुवातीचा आठवडाभर 22 वरच अडकले होते.

दुसरा व्यायाम खांद्याच्या पात्यांचा. बसल्या जागी पाती हलकेच मागे आणि खाली न्यायची, पँटच्या मागच्या खिशात सरकवतोय अशा बेताने, 10 सेकंद धरायची. छाती फुगवून सैनिकासारखं ताठ व्हायचं नाही. पाती सैल पडली की मानेपासून खांद्याला जाणारे स्नायू दिवसभर ओढले जातात आणि तो ताण वर कवटीपाशी पोचतो. फोन वाजला की एकदा, असा नेम लावला तर आठवण वेगळी ठेवावी लागत नाही.

तिसरा टॉवेलचा आहे. टॉवेलची कड कवटीच्या लगेच खाली टेकवून ती पुढे ओढत मान वळवायची. पहिला-दुसरा मणका अडलेला असेल तर याने चांगला फरक पडतो. पण कुठली बाजू ओढायची, कड नेमकी कुठे टेकवायची, किती ओढायची, हे फिजिओकडून समोरासमोर शिका. लेख वाचून जमणारी गोष्ट नाही ती. दुखलं तर चुकतंय, एवढं मात्र लक्षात ठेवा.

किती दिवस लागतात? ऑस्ट्रेलियात ग्वेन्डोलेन जुल आणि सहकाऱ्यांनी मानेच्या डोकेदुखीच्या 200 रुग्णांवर केलेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे काहींना हाताने सांधे मोकळे करण्याचे उपचार दिले, काहींना असेच कमी जोराचे व्यायाम, काहींना दोन्ही. तिन्ही गटांत डोकेदुखी कमी झाली आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. म्हणून सहा आठवडे ही मुदत धरा. दुसऱ्या आठवड्यात "काही होत नाही" असं वाटतं आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. मीही एकदा सोडलं होतं.

टेबल, चष्मा, उशी

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत हवी हे सगळ्यांना पाठ असतं. लॅपटॉपवर ते जमतच नाही, कारण स्क्रीन वर घेतली की कीबोर्डही वर येतो. वेगळा कीबोर्ड जोडा आणि लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर चढवा. कागद बघून टाइप करत असाल तर कागद स्क्रीनच्या अगदी शेजारी उभा ठेवा.

चष्म्याकडे फारसं कुणी बघत नाही. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचं वाचायचा भाग खाली असतो. स्क्रीन त्यातून बघायची तर हनुवटी वर करून मान मागे दुमडावी लागते, आणि नेमके वरचे सांधे चिमटले जातात. तुम्ही हनुवटी उचलून टाइप करता का, हे शेजारच्याला बघायला सांगा. तसं असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या किंवा स्क्रीनच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्या.

खुर्ची कितीही महाग असली तरी अर्ध्या तासाने उठायचंच.

उशीची एकच कसोटी: कुशीवर झोपल्यावर नाक आणि छातीचा मध्य एका रेषेत राहिला पाहिजे. खांदा आणि कान यांमधली पोकळी भरेल एवढी जाडी कुशीवर झोपणाऱ्याला लागते, उताण्याला त्याहून कमी. पालथं झोपणं सोडा. रात्रभर मान एका बाजूला पूर्ण पिळलेली राहते. सवय मोडायला मला महिना लागला, पोटाशी जाड उशी धरून.

गोळ्यांचा हिशेब

वेदनाशामक गोळी घेण्यात गैर काही नाही. ती मोजून घ्या. पॅरासिटामॉलची धडधाकट प्रौढासाठी कमाल मर्यादा 24 तासांत 4 ग्रॅम आहे. यकृताचा त्रास किंवा दारूचं प्रमाण जास्त असेल तर त्याहून बरीच कमी. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही याच हिशेबात धरायचं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पोट, मूत्रपिंड, रक्तदाब यांना त्रास देऊ शकतात, म्हणून ते आजार असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आणखी एक सापळा आहे. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, किंवा 10 दिवस मिश्र गोळ्या, ट्रिप्टान (अर्धशिशीवरची औषधं) अथवा कोडीनसारखी औषधं घेतली, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मग मानेला कितीही व्यायाम द्या, फरक दिसत नाही. वहीतला गोळ्यांचा रकाना याचसाठी. आकडा त्या पातळीला पोचला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. कमी कशा करायच्या ते तेच ठरवतील.

सहा-आठ आठवड्यांनीही फरक नाही, तर

आधी स्वतःला विचारा की व्यायाम खरोखर रोज झाला का. झाला असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा वेदना-उपचारांचे तज्ज्ञ गाठा. निदान चुकलेलं असू शकतं; अर्धशिशी असेल तर तिची औषधं वेगळी. निदान बरोबर असेल तर ते संशयित सांध्याच्या नसेजवळ भूल देणारं औषध टोचून बघतात. डोकेदुखी तात्पुरती थांबली तर गुन्हेगार सापडला. सगळ्यात जास्त वेळा संशय येतो तो दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधल्या सांध्यावर. पुढची पायरी म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सीने ती बारीक नस तापवून वेदनेचे निरोप बंद करणं. आराम काही महिने टिकतो, नस पुन्हा वाढली की दुखणं परतू शकतं, आणि उपचार पुन्हा करता येतो. शस्त्रक्रियेचा विषय या डोकेदुखीत क्वचितच निघतो. पहिल्याच भेटीत कुणी तो काढला तर दुसरं मत घ्या.

बरं वाटल्यावर दुखणं मधूनच परत येतं. माझ्याकडे ते लांबच्या प्रवासानंतर येतं, हटकून उजव्या भुवईवर. त्या दिवशी मी सगळे पुढचे व्यायाम बंद करते, शेक घेते, आणि संध्याकाळी उताणं झोपून पुन्हा पहिल्या दिवसाचं "हो" करते, 10 ऐवजी 5 सेकंद, बोटं गळ्यावर. तीन-चार दिवसांत गाडी रुळावर येते. आठवड्यात आली नाही, किंवा दुखण्याची जागा किंवा जात बदलली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे.